चिंचेच्या पाण्यातून दिलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना बीकन आहे. नाव ऐकून गोंधळू नका. बोटीवरचे खलाशी मला 'पिवळा डबा' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मी दिसतोही तसाच. दोन वीत उंच, पिवळाधमक, डोक्यावर काचेचा दिवा आणि बाजूला एक लवचीक काडी. आत्ता मी गोंदिया जिल्ह्यात, तिरोड्याजवळच्या बोदलकसा तलावाच्या काठी, ईश्वरदास ढिवरांच्या घरात जाळ्यांच्या खुंटीला टांगलेला आहे. इथं सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. समुद्राचं नाव नाही. मग हा समुद्रातला डबा इथं कसा आला, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं! मीही आलो त्या दिवशी हेच विचारत होतो.

माझं काम एकच, ओरडणं. बोट बुडायला लागली की मी माझ्या खोबणीतून सुटतो आणि पाण्यावर तरंगतो. खोबणीत असताना कितीही लाटा उडोत, मी तोंड मिटून असतो. पण खोबणीबाहेर अंगाला पाणी लागलं, की संपलं, मी ओरडायला लागतो. माझा आवाज माणसांना ऐकू येत नाही. तो सरळ आभाळात उपग्रहाकडे जातो आणि तिथून बचाव केंद्रात पोहोचतो. तिथल्या साहेबांना कळतं की अमुक बोट, अमुक ठिकाणी, माणसं संकटात आहेत. मग मदतीला जहाज निघतं. जहाज पोहोचेपर्यंत, म्हणजे निदान दोन दिवस, मी दम न सोडता ओरडत राहायचं असतं. समुद्र काही गावातली बोडी, म्हणजे छोटं तळं, नव्हे, की काठावरून हाक मारली आणि माणूस सापडला.

कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मला थंडगार पाण्यात बुडवलं, उंचावरून आपटलं, तापवलं. पोटात खास बॅटरी बसवली आणि झाकण असं घट्ट बंद केलं की मुंगीलाही वाट नको. मग अंगावर एक चिठ्ठी डकवली. तिच्यावर माझ्या बॅटरीची शेवटची तारीख होती. त्या वेळी ती तारीख फार लांब वाटली. तरुणपणी सगळ्यांचं असंच होतं म्हणा.

रत्नागिरीच्या एका मासेमारी बोटीवर माझी नेमणूक झाली. काय मान होता माझा तिथं! नारळी पौर्णिमेला मालक मला हार घालायचे. नवा खलाशी आला की तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आधी मला दाखवायचा आणि म्हणायचा, "याला हात लावायचा नाही. हा आहे म्हणून आपण आहोत." मी ऐटीत बसून असायचो. पण वर्षं गेली, आणि एकदाही ओरडायची वेळ आली नाही. जे वापरावं लागत नाही, त्याचा माणसाला विसर पडतो. माझ्या काडीवर कुणी ओला गमछा वाळत घातला, कुणी चहाची गाळणी अडकवली. एक दिवस चिठ्ठीवरची तारीखही उलटून गेली.

तांडेलानं मालकांना आठवण केली. मालकांनी चौकशी केली आणि कपाळाला हात लावला. माझी बॅटरी दुकानात मिळत नाही. मला मुंबईच्या खास केंद्रात न्यावं लागतं. तिथं झाकण उघडतात, बॅटरी बदलतात, नवं सील बसवतात, पुन्हा पाण्यात दाबून तपासतात. या सगळ्याचा खर्च जवळजवळ नव्या बीकनएवढा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असं मालक म्हणाले. मग त्यांनी माझं तपासणीचं बटण दाबलं. दिवा लुकलुकला. "पेटतो की! काय झालंय त्याला?" एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

मित्रांनो, दिवा पेटायला चिमूटभर ताकद पुरते. दोन दिवस ओरडायला ती पुरत नाही. पण हे मी सांगणार कसं?

त्या बोटीवर हेमेंद्र नावाचा खलाशी होता. ईश्वरदास आणि पुष्पाबाई यांचा मुलगा. बोदलकशाच्या तलावात आता सगळ्या घरांना पुरेल एवढी मासळी नाही, म्हणून मासे धरणाऱ्या ढिवरांच्या या टोलीतले, म्हणजे वस्तीतले, पाच-सहा तरुण दरवर्षी कोकणात या बोटीवर जातात. पाण्याची भीती त्यांना ठाऊक नाही. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा ते घरी येतात आणि धानाची रोवणी करतात. याच टोलीतला अश्विन दुसऱ्या एका बोटीवर होता. त्या बोटीवरच्या बीकनचाही दिवा छान पेटायचा. दोन वर्षांपूर्वी ती बोट वादळात गेली आणि परत आली नाही. कुठं शोधायचं, हेच कुणाला कळलं नाही. अश्विनची आई गंगाबाई तेव्हापासून कुणाशी फारशी बोलत नाही.

हेमेंद्रच्या मनात हे सलत होतं. गेल्या वर्षी बंदीचे दिवस आले तेव्हा त्यानं मालकांकडे माझा विषय काढला. मालक वैतागून म्हणाले, "तुमच्याकडं कुठं स्वस्तात होत असेल तर बघ बाबा!" झालं. हेमेंद्रनं मला गमछ्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि रेल्वेनं तिरोड्याला आणलं. खोबणी मात्र बोटीवरच राहिली.

तिरोड्यात मुन्ना नावाचा रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारा आहे. त्यानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "टेन्शन कायले घेतो भाऊ? आत टार्चचे सेल टाकतो, वरून गोंद लावून पॅक करून देतो. एकदम चकाचक!"

"अन् पानी गेलं तं?" हेमेंद्रनं विचारलं.

"मंग पान्यात टाकतोच कायले?"

समुद्राचं यंत्र पाण्यात टाकू नका म्हणणारा हा पहिलाच वैद्य मला भेटला! हेमेंद्रनं मला त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतलं. घरी आणून फळीवर ठेवलं आणि रोवणीला लागला. जायची वेळ जवळ आली तसा तो गप्प गप्प राहू लागला. ईश्वरदासांनी विचारलं, तर म्हणाला, "जातो ना बाबा. सगळ्याईच्याच नावेवर असंच हाय. मी एकटा काय करू?"

आणि मग जिवती आली. आखाडातल्या अमावास्येला इथल्या आया लेकरांच्या आयुष्यासाठी जिवतीची पूजा करतात. दाराजवळ जिवतीचा कागद चिकटवतात. याच दिवशी ढिवरानं घरोघरी जाऊन दाराला जाळ्याचा तुकडा बांधायचा, म्हणजे इडापिडा आत येत नाही, आणि घरच्यांनी सुपात तांदूळ-डाळ द्यायची. ईश्वरदास आणि हेमेंद्र सकाळीच जुनी जाळी घेऊन बाहेर पडले. घरी पुष्पाबाई दिव्यांच्या मागं लागली. या अमावास्येला घरातला एकही दिवा घासल्यावाचून राहता कामा नये. समई, दिवल्या, निरांजन, सगळं तिनं गोळा केलं. तेवढ्यात तिची नजर माझ्याकडं गेली.

"ह्याले बी तं दिवा हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "माया पोराचा जीव राखते हा. ह्याले कसं सोडाव?"

अगं बाई, नको! मी मनात किती विनवलं. तिनं मला उचललं, पदरानं धूळ झटकली आणि अंगणात मोठ्या परातीत चिंचेच्या पाण्यात दिव्यांबरोबर भिजत घातलं. वर प्रेमानं दोन पसे पाणी ओतलं. आणि ती जिवतीचा कागद आणायला, थोडा बाजार करायला तिरोड्याला निघून गेली.

अंगाला पाणी, डोक्यावर उघडं आभाळ. माझा काय इलाज? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ओरडलो. तेही कुठून, तर परातीतून, समईच्या मांडीला मांडी लावून! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरी लाज पुढंच होती. थोड्याच वेळात मला धाप लागली. आवाज बारीक होत गेला. सूर्य माथ्यावर यायच्या आधीच माझी बोबडी वळली आणि मी बंद पडलो.

मी मुका झालो होतो, बहिरा नव्हतो. घरात हेमेंद्रचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता, तो सारखा वाजत होता. पुष्पाबाई बाजारातून आली तेव्हाही वाजतच होता. तिनं तो उचलला, हेमेंद्रची माय बोलते म्हणून सांगितलं, आणि स्पीकरचं बटण दाबलं गेल्यानं साहेबांचा मोठा आवाज अंगणापर्यंत आला.

"ताई, मी समुद्राच्या बचाव केंद्रातून बोलतोय. सकाळपासून फोन करतोय. तुमच्या मुलाच्या बोटीचं यंत्र मदत मागत होतं. हा नंबर मालकांनी दिला. बोट तर रत्नागिरीला बांधलेली आहे, आणि यंत्राचा ठिकाणा गोंदिया जिल्हा दाखवतोय. काय प्रकार आहे हा?"

"ते पिवळं व्हय? परातीत हाय जी."

"परातीत?"

"आज जिवती हाय ना जी. दिवे भिजवले घासाले."

 मग साहेब हसले असावेत. "बरं, कुणी बुडालेलं नाही ना? देवाची कृपा. पुन्हा पाण्यात घालू नका हं."

"आता तं चुपचाप हाय ते."

आता साहेब हसले नाहीत. "ताई, तेच सांगायचंय. ते दोन दिवस ओरडायला हवं होतं. तुमचं सकाळीच बंद पडलं. हेच समुद्रात झालं असतं, तर आम्ही पोहोचलो असतो तेव्हा तिथं नुसतं पाणी दिसलं असतं. बॅटरी बदलल्याशिवाय मुलाला त्या बोटीवर पाठवू नका."

पुष्पाबाई परातीजवळ येऊन बसली. तिनं मला बाहेर काढलं आणि खसाखसा पुसलं. रडली नाही. तिला राग आला होता. दुपारी बापलेक परतले तेव्हा तिनं हेमेंद्रला हात-पायही धुऊ दिले नाहीत.

"तू ह्या मेल्या डब्याच्या भरवशावर जाऊन राहिला होतास? अन् मले सांगतलं बी नाही?"

"माय, नाही गेलो तं मालक दुसरा गडी ठेवन. मंग वर्षभर काय करू?"

"तुया एकट्याची गोष्ट नाही हे," ती म्हणाली आणि पायात चप्पल अडकवली.

ज्या ज्या घरचा मुलगा बोटीवर होता, त्या प्रत्येक घरी ती मला काखेत घेऊन गेली. प्रत्येक दाराशी जिवतीचा नवा कागद आणि जाळ्याचा तुकडा. ती एकच बोलायची, "लेकराईसाठी जिवती पूजता, अन् त्याईले असल्या डब्यासंगं समुद्रात धाडता? काऊन?" कुणी म्हणालं, काम जाईल. कुणी म्हणालं, मालक ऐकणार नाही. एक-दोघी तर हसल्याच, बाईनं स्वतःच परातीत घालून बिघडवला आणि आता बोंब मारते म्हणून. टोलीत कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून गंगाबाई बाहेर आली. तिच्या दाराला जिवती नव्हती. अश्विन गेल्यापासून ती कागद लावत नाही.

"मी बी असंच म्हणत होती," गंगाबाई म्हणाली, "काम जाईन म्हणून."

एवढंच बोलून ती आत गेली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

संध्याकाळी सगळी मुलं आणि त्यांचे आईबाप ईश्वरदासांच्या अंगणात जमले. जायचं, वेळेवर जायचं, पण बीकन धड झाल्याशिवाय बोटीवर पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. पण खर्चाचं काय? तिथं गाडी अडली. तेव्हा ईश्वरदासांनी तोंड उघडलं. ते तसे कमी बोलतात. तलावाच्या मच्छीमार संस्थेत त्यांचं आयुष्य गेलं आहे. ही संस्था दरवर्षी तलावात माशांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडते.

"आपण तलावाचं कसं करतो?" ते म्हणाले. "मासळी इकली का पयले बीजाचे पैसे बाजूला काढतो, मंग वाटे पाडतो. बीज टाकाले कोनी कुरकुर करते का? नाही टाकलं तं पुढल्या साली जाळ्यात चिखल येईन. नावेवर बी डिझेल-बर्फाचे पैसे आधीच निघतात ना? त्याच्यातच ह्या डब्याचे काढा. दरसाली थोडे थोडे. एकट्या मालकावर कायले टाकता? आपला वाटा जरासा कमी येईन, येऊ द्या."

मित्रांनो, मी चांगला समुद्र हिंडलेला गडी. पण माझ्या पोटाचा प्रश्न असा कुणी सोडवला नव्हता. तो सुटला तलावाच्या काठी.

रत्नागिरीच्या धक्क्यावर मालक आधीच तापलेले होते. परातीच्या भानगडीत बचाव केंद्राचा पहिला फोन त्यांनाच गेला होता. "माझी अब्रू घालवलीत! आणि वर बॅटरी पाहिजे? दिवा पेटतो ना?"

"दिवा पेटते मालक," हेमेंद्र म्हणाला, "पण हा वरडत नाही. आमाले वरडनारा पायजे."

सगळे मला मधे ठेवून धक्क्यावर बसले. शेजारच्या बोटी एकेक करून समुद्रात गेल्या. मालक चिडले, त्यांनी शिव्या दिल्या, दुसरे खलाशी शोधायला माणूस धाडला. हंगामाच्या तोंडावर खलाशी काय झाडाला लागतात? मालकांचाही जीव खालीवर होत होता. ते काही राक्षस नव्हते. मागचे दोन हंगाम त्यांचे वाईट गेले होते. शेवटी तेही धक्क्यावरच टेकले. तेव्हा हेमेंद्रनं बापाचा तोडगा त्यांना सांगितला. मालकांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "हे आधी बोलला असतास तर माझा घसा तरी वाचला असता."

मुंबईला माझं पोट उघडलं. जुनी बॅटरी निघाली, नवी आली, नवं सील, नवी चिठ्ठी. अंगात अशी ताकद आली म्हणता! माझ्या नोंदणीत मालकांच्या नंबरापुढं आणखी एक नंबर लिहिला गेला, पुष्पाबाईचा. हेमेंद्रनंच तो दिला.

थंडी संपता संपता ती वेळ आली. किनारा दिसेनासा झाला होता. बोटीच्या तळाची फळी फुटली आणि पाणी आत घुसलं. पंप चालेना, बोट कलली. पोरांनी लाइफ जॅकेट चढवली, तरंगणारे पिंप दोरानं एकत्र बांधले आणि धरून राहिले. मी खोबणीतून सुटलो. खारं पाणी अंगाला लागलं आणि मी ओरडलो. अरे, काय ओरडलो! हेमेंद्रनं माझी दोरी मनगटाला बांधली होती. त्याचे दात वाजत होते, आणि तो मला म्हणत होता, "वरड गा, वरड. थांबू नको."

मालकांचा फोन लागेना, म्हणून बचाव केंद्रानं दुसरा नंबर लावला. हे मला नंतर कळलं. पुष्पाबाई अंगणात धान पाखडत होती. साहेब तेच होते. "ताई, तुमचं यंत्र पुन्हा सुरू झालंय. पाण्यात घातलंत का?"

"नाही जी," ती म्हणाली. "आता ते माया घरी नाही. माया पोरासंगं हाय. तुमी जा साहेब. लवकर जा."

साहेबांनी तिथल्या तिथं जहाज सोडलं. सबंध दिवस, सबंध रात्र आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढेपर्यंत मी ओरडत राहिलो. लाटांनी पोरं कुठल्या कुठं वाहत नेली, पण मी क्षणोक्षणी नवा ठिकाणा सांगत होतो. जहाज आलं तेव्हा सगळेच्या सगळे दोराला धरून होते. एकही हात सुटला नव्हता.

त्या आरोळीत माझी बॅटरी खर्ची पडली, म्हणून हेमेंद्रनं मला बरोबर घरी आणलं. घरात माणसांची ही गर्दी! पुष्पाबाई हेमेंद्रला सोडेना. गर्दी ओसरल्यावर गंगाबाई आली. तिनं मला मांडीवर घेतलं. माझ्या दिव्यावरून, काडीवरून, चिठ्ठीवरून हळूहळू हात फिरवला. मग अगदी हलक्या आवाजात तिनं मलाच विचारलं, "माया अश्विनच्या नावेवरचा काऊन नाही वरडला रे?"

मला उत्तर माहीत होतं. तो माझाच भाऊ होता. त्यानं तोंड उघडलं असणार, जीव तोडून उघडलं असणार. पण त्याच्या पोटात दमच नव्हता, कारण दिवा पेटतोय एवढ्यावर सगळे गप्प बसले होते. मित्रांनो, त्या आईला हे सांगायला मला जीभ नव्हती. आयुष्यात एवढं वाईट मला कधी वाटलं नाही.

उद्या हेमेंद्र मला पुन्हा मुंबईला नेणार आहे. खर्च पुन्हा तेवढाच येईल. बॅटरी महाग आहे, हे मी नाकारत नाही. पण तुम्हाला माझं एक काम करायचं आहे. शाळेच्या भिंतीवर आग विझवायची लाल टाकी असेल, बसमध्ये औषधांची पेटी असेल, कुणाच्या बोटीवर माझ्यासारखा पिवळा डबा असेल. तिथं जा आणि तारीख वाचा. उलटली असेल तर मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, "चालतंय की, काय झालंय त्याला?" तरी हटू नका. पुन्हा सांगा, चिडले तरी सांगा, बदलेपर्यंत सांगा. मी फक्त पाण्यात पडल्यावर ओरडू शकतो, तुम्ही त्याच्या आधी ओरडू शकता.